न विचारता दिलेली गाडी

महादेवप्पांना आपण ओळखत होतो, असे शेषेराव कधी छातीठोकपणे म्हणाले नाहीत. सगळ्या भेटी मोजल्या तर नऊ भरत होत्या. त्यातल्या बहुतेक कचेरीत झाल्या, म्हणजे मध्ये टेबल होते आणि टेबलावर फाइल होती. महादेवप्पांना मुले किती, थोरला भाऊ कशाने गेला, पोलीस ॲक्शनच्या वर्षी ते कुठे होते, त्यांना गोड आवडायचे की तिखट, यातले शेषेरावांना काहीही माहीत नव्हते. माहीत होते ते एवढेच, की या माणसाची बैलगाडी आणि देवणी बैलांची जोडी सरकारने एकदा धरली होती, आणि ती सोडवायला जे एक वाक्य बोलायला हवे होते ते बोलायला महादेवप्पांची जीभ वळली नाही. तेवढ्यावरून माणूस सांगायचा म्हणजे बाहीवरून सगळ्या अंगाचे माप घेण्यासारखे झाले. पण शेषेरावांच्या हाती बाहीच आली होती.

शेषेराव मूळचे देगलूरचे. ब्याऐंशी सालच्या पंधरा ऑगस्टला लातूर हा वेगळा जिल्हा झाला आणि नव्या कचेरीत पुरवठा शाखेचे कारकून म्हणून त्यांची बदली झाली. स्वभाव भिडस्त. साहेबांनी हाक मारली की आधी हातातले पेन पडायचे, मग ते उठायचे. धान्य, रॉकेल, साखर यांचे परवाने आणि त्यावरून होणारे खटले त्यांच्या टेबलावर यायचे. त्या वर्षी पाऊस दोनदा तोंड दाखवून गेला तो आलाच नाही. ज्वारीवर सरकारची नजर होती. परवान्याशिवाय ती जिल्ह्याबाहेर न्यायची नाही, असा हुकूम निघालेला होता.

महादेवप्पा मुरुडजवळचे लिंगायत शेतकरी. अंगाने उंच, पाठीत थोडे वाकलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि सदऱ्याच्या आत लिंगाची चांदीची डबी. ते कुणाला काही विचारत नसत. बोलायचे, उत्तर द्यायचे, पण स्वतःहून प्रश्न नाही. सुरुवातीला शेषेरावांना वाटले, माणूस घमेंडखोर दिसतो. पुढे कळले की ती त्यांच्या घरची रीत होती आणि ती गाडीपासून सुरू झाली होती.

गावात गाडीबैल मोजक्यांकडेच. कुणाला गरज पडली की तो महादेवप्पांच्या अंगणात येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, अप्पा, उद्या गाडी पाहिजे होती. महादेवप्पा म्हणायचे, सकाळी बैलाला पाणी दाखवून ने. झाले. कशाला पाहिजे, कुठे नेणार, काय भरणार, हे विचारायचे नाही. त्यांच्या वडिलांनीही कधी विचारले नव्हते. कारण मागणारा काय काय कामासाठी मागतो याला मर्यादा नाही. कुणाची लेक सासरहून कायमची परत आणायची असते, कुणाला दवाखान्यातून माणूस आणायचा असतो, कुणाला घरातली शेवटची भांडी बाजारात न्यायची असतात. त्याला अंगणात उभे करून ‘कशाला’ विचारले, की चार माणसांपुढे त्याचे सगळे उघडे पडते. भाडे घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. भाडे घेतले की घेणाऱ्याला विचारायचा हक्क येतो, आणि देणाऱ्याला सांगावे लागते.

नवा जिल्हा झाला त्या दिवशी गावाने मिरवणूक काढली. मिरवणुकीत पुढे कोणाची गाडी, तर महादेवप्पांची. त्यांना ना विचारले गेले, ना त्यांनी विचारले. बैलांची नावे शेवऱ्या आणि वानेऱ्या. त्यांच्या शिंगांना बेगड लावली, गळ्यात झेंडूचे हार घातले, आणि शाळेच्या गुरुजींनी गाडीच्या दोन्ही बाजूंना कापडी फलक बांधला : नव्या जिल्ह्याचे हार्दिक स्वागत. पेढे वाटले. फोटो काढला. नवा जिल्हा कुठे सुरू होतो हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण तो त्यांच्या पायाखाली सुरू झाला होता. तो कुठे संपतो, हे विचारायचे कुणाला सुचले नाही.

तो संपत होता गावाच्या पश्चिमेला दोन कोसांवर, एका कोरड्या ओढ्याच्या आसपास.

ओढ्यापलीकडच्या वाडीत महादेवप्पांच्या शेजाऱ्याची, सटवाजीची लेक दिली होती. तिचे नाव तारामती. फेब्रुवारीत तिचा निरोप आला, की घरात दाणा नाही आणि सासू रोज माहेर काढून राहिली. सटवाजीकडे आदल्या वर्षीची ज्वारी पेवात होती. त्याने संध्याकाळी अंगणात येऊन गाडी मागितली, महादेवप्पांनी नेहमीचे उत्तर दिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आठ पोती ज्वारी घेऊन सटवाजी ओढ्यापलीकडच्या तपासणी नाक्यावर पकडला गेला. दर दोन वर्षांनी तो याच वाटेने लेकीला दाणे घालत आला होता. तेव्हा ते लेकीला दाणे घालणे होते. आता ते विनापरवाना आंतरजिल्हा वाहतूक झाले होते.

ज्वारी जप्त झाली. ज्वारीखालची गाडी जप्त झाली. गाडीला जुंपलेले बैल जप्त झाले. पंचनाम्यात बैलांचे वर्णन शिंगांपासून खुरांपर्यंत नीट लिहिले होते, मात्र नावे नव्हती. सरकारी कामात बैलाला नाव नसते. त्यांना एक आणि दोन म्हटले होते.

जप्त केलेली जित्राबे ठेवायची कुठे, तर दुष्काळाच्या चारा छावणीत. म्हणजे असे झाले, की गावातले सुटे, निर्दोष बैल वाळल्या बांधावर दात घासत होते आणि शेवऱ्या-वानेऱ्या कायद्याच्या कचाट्यात सापडल्यामुळे दोन वेळा ऊस आणि कडबा खात होते. महिन्याभरात त्यांच्या अंगावर तकाकी आली. लोक महादेवप्पांना गाठून म्हणू लागले, “अप्पा, माझ्याबी बैलाला एखादं कलम लावून द्या की.”

महादेवप्पा हसायचे आणि छावणीकडे चालू लागायचे. तिथे अडचण वेगळीच होती. बैल आता सरकारी ताब्यातले, त्यांना परक्या माणसाने हात लावायचा नाही. छावणीच्या मुकादमाने त्यावर तोड काढली. त्याने महादेवप्पांचे नाव पाणी घालणाऱ्या मजुरांच्या हजेरीपटात घातले. स्वतःच्या बैलांना पाणी पाजण्यासाठी महादेवप्पा सरकारी मजूर झाले.

हे सगळे बरेच मजेचे होते. फक्त मृग सात जूनला निघणार होता. बैल कायमचे सरकारजमा झाले तर त्यांचा लिलाव होणार, आणि दुष्काळात बैल कोण विकत घेतो आणि कशासाठी घेतो, हे सांगायची गरज नव्हती. बैल गेले तर महादेवप्पांच्या पेरणीचा प्रश्न होता. पेरणी कुणाच्याही बैलांनी झाली असती. या दोन बैलांचे काय होणार, हा खरा घोर होता.

गाडी सरकारजमा का करू नये याचे कारण दाखवा, अशी नोटीस शेषेरावांच्या हातूनच गेली. महादेवप्पा आले ते वकील घेऊन. माणिकप्पा वकील त्यांच्या पाहुण्यांतले, लातुरात नाव असलेले. शेषेरावांचे टेबल खिडकीशी होते आणि वकील अशिलांशी बोलायचे ते खिडकीबाहेरच्या व्हरांड्यात. त्यामुळे शेषेरावांनी कान न देताही सगळे कानी आले.

माणिकप्पांनी समजावले ते असे. माल दुसऱ्याचा आणि गाडी तुमची असेल तर कायदा मालकाला वाट ठेवतो. पण त्या वाटेवर दोन अडसर आहेत. गाडीत काय चालले आहे हे मालकाला माहीत नव्हते, हे एक. आणि असे होऊ नये म्हणून मालकाने आणि हाकणाऱ्यानेही योग्य ती खबरदारी घेतली होती, हे दुसरे. दोन्ही गोष्टी मालकानेच शाबीत करायच्या.

“म्हणजे अप्पा, नुसतं निर्दोष असून भागत नाही,” वकील म्हणाले. “निर्दोष राहायची आधीपासून तयारी केलेली पाहिजे.”

मग त्यांनी लिहून आणलेले उत्तर वाचून दाखवले. मी सटवाजी यास गाडी देतेवेळी कोणता माल नेणार याची स्पष्ट विचारणा केली होती, आणि धान्य न नेण्याची सक्त ताकीद दिली होती.

महादेवप्पांनी ऐकून घेतले. “हे कोन बोललं?”

“तुम्ही.”

“म्या कवा?”

“नोटिशीच्या उत्तरात.”

महादेवप्पांनी कागद स्वतःकडे ओढून एकदा वाचला. मग म्हणाले, “असं म्या बोलल्यालं मला आठवत न्हाई, वकीलसाब. आन् बोलन्यासारखंबी न्हाई.”

माणिकप्पा हे ऐकून घेणाऱ्यातले वकील होते. त्यांनी दुसरी वाट काढली. गाडी भाड्याने दिलेली असेल तर जप्तीऐवजी दंड भरून सोडवायची मुभा मालकाला मिळते. तेव्हा सटवाजीकडून चार पैसे भाडे घेतले होते, एवढे म्हणा. सटवाजी नाही म्हणणार नाही.

“भाडं?” महादेवप्पा म्हणाले. “सटवाजीकून?” ते उठले आणि रांजणावर जाऊन पाणी पिऊन आले. परत आल्यावर त्या विषयावर बोललेच नाहीत. म्हणजे फुकट गाडी देणारा अडकला होता आणि भाडे खाणारा सुटला असता. हे बरोबर असेल काय, असा विचार शेषेरावांच्या मनात आला. पण कलमात तसे होते आणि कलमापेक्षा आपल्याला जास्त कळते असे त्यांना कधीच वाटले नाही.

पुढच्या तारखेला सटवाजी बरोबर आला. बुटका, बोलघेवडा माणूस, पण त्या दिवशी तोंड उतरलेले. त्याने शेषेरावांच्या टेबलापुढेच महादेवप्पांचे पाय धरले. शेषेरावांना कुठे बघावे कळेना, म्हणून ते शाईच्या दौतीकडे बघत राहिले.

“अप्पा, म्हना की इचारलं व्हतं म्हनून,” सटवाजी म्हणाला. “सटव्या लबाड बोलून गाडी घेऊन गेला म्हना. माझं काय जातंय? ज्वारी तर गेलीच.”

“आन् गावात उद्या? अप्पा गाडी देताना इचारून देतो, असं झालं मंग?”

“बैलापरीस ते मोठं हाय का?”

महादेवप्पांनी त्याला उठवले, त्याच्या धोतराला लागलेली धूळ झटकली. “बैल गेलं तर माझं जाईल, सटवाजी. हे गेलं तर समद्याचं जाईल.”

सटवाजी शेषेरावांकडे वळला. “भाऊसाहेब, तुमी तरी सांगा ह्यांला.”

शेषेरावांनी फाइलची नाडी सोडून पुन्हा बांधली. बोलण्यासारखे खूप होते असे त्यांना नंतर वाटले, पण त्यांना ते नेहमी नंतरच वाटायचे.

तिसऱ्या खेपेला महादेवप्पांच्या कारभारीणबाई आल्या, शिवकांताबाई. भाकरीचे फडके घेऊन त्या व्हरांड्यात बसल्या आणि वकिलांची सगळी समजावणी पुन्हा एकदा ऐकून म्हणाल्या, “ह्यांनी मला बघायला आल्यावरबी काई इचारलं न्हवतं. चहा पेले आन् उठले. तवाच वळखायला पायजे व्हतं म्या.” महादेवप्पा भाकरी मोडत राहिले. माणिकप्पांना हसू आवरेना. शेषेरावही खिडकीआड हसले, आणि कुणी पाहिले तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितले.

अखेर उत्तर दाखल झाले ते दोन ओळींचे. मला माहीत नव्हते. मी विचारले नाही. माणिकप्पांनी शेषेरावांना बाजूला घेऊन सांगितले, की तीस वर्षांच्या वकिलीत अशिलाच्या विरुद्ध जाणारे एवढे नेमके उत्तर आपण पहिल्यांदाच लिहिले.

सुनावणी मे महिन्यात झाली. साहेब तरुण होते, घाईचे नव्हते. पंखा फिरत होता पण वारा लागत नव्हता. एका बाजूला नाक्यावरचे निरीक्षक, दुसऱ्या बाजूला माणिकप्पांसह महादेवप्पा आणि सटवाजी, आणि कडेला फाइल सांभाळत शेषेराव.

साहेबांनी पहिला प्रश्न केला, गाडीत काय जाणार हे माहीत होते का. महादेवप्पा म्हणाले, नाही. विचारले होते का. नाही. का विचारले नाही?

“साहेब, इचारून दिली तर ती दिली न्हाई. मंग ती उसनी झाली.”

साहेबांनी ते लिहून घेतले. मग म्हणाले, कायदा खबरदारी मागतो. तुम्ही काही खबरदारी घेतली होती काय?

“घेतली की,” महादेवप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला. “चाकाला वंगन घातलं. डाव्या बैलाच्या खांद्याला जरा सूज व्हती, तर जूला फडकं गुंडाळलं. सटवाजीला सांगितलं, वानेऱ्याला चाबूक दावू नको, तो नुसत्या हाकंनं चालतो. ऊन चढायच्या आत पोच. कडबा सोबत दिला, पान्याची घागर दिली. आनिक काय घ्यावी खबरदारी?”

साहेबांनी तेही लिहून घेतले. वकिलांनी डोळे मिटून घेतले. ही सगळी खबरदारी बैलांसाठी होती, कायद्यासाठी त्यातले काहीच नव्हते. शेषेरावांना वाटले, संपले.

मग निरीक्षकांनी तो फोटो पुढे केला. फोटोत शेवऱ्या, वानेऱ्या, झेंडूचे हार आणि फलक स्पष्ट दिसत होता. निरीक्षकांचे म्हणणे सरळ होते. नवा जिल्हा झाला हे या लोकांना माहीत नव्हते असे म्हणायला जागाच नाही. त्यांनी त्याचे स्वागत केले होते, आणि तेही याच गाडीने.

साहेबांनी सटवाजीला विचारले, मिरवणुकीत होतास का.

“हाव साहेब. पेढेबी खाल्ले.”

“मग जिल्ह्याची हद्द बदलली, हे माहीत होतं.”

“पेढे वाटनारानं हद्द न्हाई सांगितली, साहेब. त्यो आपला जिल्हा झाला एवढंच म्हनला. माझ्या लेकीची वाडीबी त्यातच आली आसंल, आसं समजलो म्या. लेक माझीच हाय न्हवं.”

खोलीत कुणीतरी खाकरले. साहेबांनी निरीक्षकांना विचारले, वाडीच्या वाटेवर हद्दीचा दगड आहे का. निरीक्षक म्हणाले, दगड मार्चमध्ये बसला. म्हणजे गाडी धरल्यानंतर. मग साहेब शेषेरावांकडे वळले आणि म्हणाले, नकाशा आणा.

इथे शेषेरावांची पंचाईत झाली. छापील नकाशा मोठ्या साहेबांच्या खोलीत असायचा. शाखेत रोजच्या वापराला शेषेरावांनी स्वतः एका जुन्या नकाशावर निळ्या पेन्सिलीने नवी हद्द आखून ठेवली होती. आखताना पेन्सिल बोथट झाली होती आणि टोक करायला पाते सापडत नव्हते. त्यांनी तशीच रेघ ओढली होती. तोच नकाशा घाईत त्यांच्या हाती आला.

साहेबांनी टेबलावर तो पसरला. ओढा निळ्या रेघेखाली होता. वाडी निळ्या रेघेखाली होती. नाकाही निळ्या रेघेखालीच होता. साहेबांनी भिंग मागवले, निरीक्षकांना जवळ बोलावले, आणि दोघेही बराच वेळ त्या निळ्या पट्ट्यावर वाकून राहिले. रेघेच्या पूर्वेची कड धरली तर सटवाजी गुन्हेगार होता आणि पश्चिमेची धरली तर तो लेकीला भेटायला निघालेला बाप होता.

“ही रेघ कोणी ओढली?” साहेबांनी विचारले.

शेषेरावांच्या हातातले पेन पडले. “मी, साहेब.”

आता मेमो येणार, अशी शेषेरावांची खात्री झाली. पण साहेबांनी नकाशाची घडी घातली आणि छापील नकाशाही मागवून पाहिला. त्यात वाडी हद्दीबाहेर होती, पण अगदी बोटभर. मग ते म्हणाले, की पुरवठा शाखेतल्या माणसाला जी हद्द जाड दिसते, ती गाडी हाकणाऱ्याला बारीक दिसली पाहिजे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू.

निकाल जूनच्या दुसऱ्या तारखेला झाला. ज्वारी परवान्याशिवाय हललेली होती, ती सरकारी दराने रेशन दुकानात गेली. पण गाडी आणि बैल सुटले. हुकमात साहेबांनी लिहिले, की मालकाला माहिती नव्हती, हाकणारा हद्दीबद्दल प्रामाणिक समजुतीत होता, आणि मालकाने आपल्या भागात जी रीत आहे तिच्याप्रमाणे काळजी घेतली. आयुष्यभर शेषेरावांनी अक्षर वळणदार काढले, नोंदी बिनचूक ठेवल्या, आणि त्याचा कुणाला काही उपयोग झाल्याचे त्यांना आठवत नव्हते. उपयोग झाला तो एका बोथट पेन्सिलीचा. हे त्यांनी कुणाला अभिमानाने सांगितले नाही. त्यात अभिमानाचे काय आहे हे त्यांना ठरवता आले नाही.

हुकमाला एक शेपूट होते. यापुढे गाडी दुसऱ्याला देण्यापूर्वी तीत काय माल जाणार याची मी विचारणा करीन, असे हमीपत्र मालकाने लिहून द्यायचे, मगच ताबा मिळायचा. साहेबांच्या दृष्टीने ही किरकोळ अट होती. कुणाच्याही दृष्टीने किरकोळच होती.

हमीपत्र शेषेरावांनी टेबलावर ठेवले. महादेवप्पांनी ते दोनदा वाचले, पेन हातात धरले आणि तसेच थांबले. बाहेर शिवकांताबाई उभ्या होत्या. मृगाला पाच दिवस होते. शेषेराव मनात म्हणत होते, करा, सही करा. पण तोंडाने ते म्हणाले, “पाहिजे तर उद्या या.”

महादेवप्पांनी मान वर केली. आजवरच्या सगळ्या भेटींत त्यांनी शेषेरावांना काही विचारले नव्हते. आता विचारले.

“भाऊसाहेब, म्या सोता हाकली तर इचारावं लागतंय का?”

शेषेरावांनी कागद पुन्हा वाचला. त्यात ‘दुसऱ्याला देण्यापूर्वी’ असे होते. ते म्हणाले, “नाही. स्वतः हाकली तर तुम्ही दुसऱ्याला दिली असं होत नाही.”

महादेवप्पांनी सही केली.

पुढचे शेषेरावांना सटवाजीकडून कळले. तो रेशनकार्डाच्या कामाला कधीमधी कचेरीत यायचा आणि काम झाल्यावरही बसून राहायचा. त्याने सांगितले, की त्या दिवसापासून अप्पांनी गाडी कुणाला दिली नाही. आणि कुणाला नाहीही म्हटले नाही. कुणी अंगणात येऊन गाडी मागितली की अप्पा म्हणायचे, सकाळी येतो. सकाळी ते स्वतः बैल जुंपून त्याच्या दारात जायचे, पुढे बसायचे आणि तोंड समोर ठेवायचे. मागे काय भरले जाते याकडे मान वळवून बघायचे नाहीत. गाडी भरली की भरणारा म्हणायचा, चला अप्पा, आणि ते निघायचे. साठी उलटलेला माणूस उन्हातान्हात कुणाचे काय काय वाहून नेत होता, हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते.

“पयलं गाडी जायची, आता नवराबी जातो,” असे शिवकांताबाई म्हणतात, हेही सटवाजीनेच सांगितले.

शेषेराव ऐकत राहिले. कलम त्यांना पाठ होते. दुसऱ्याने हाकलेल्या गाडीसाठी मालकाला वाट होती, अडसर असले तरी वाट होती. मालक स्वतःच हाकत असेल तर मला माहीत नव्हते असे म्हणायची सोयच उरत नाही. आता नाक्यावर कुणी ती गाडी धरली असती तर ना वकील कामाला आला असता, ना नकाशा. एक निर्दोष माणूस पुन्हा अडकू नये म्हणून कचेरीने अट घातली, आणि ती तंतोतंत पाळण्याच्या नादात त्या माणसाने आपल्या निर्दोषपणाची सगळी सोय घालवून टाकली. सही घेण्याआधी हे त्यांना सांगायला हवे होते का, हा प्रश्न शेषेरावांना पडला.

नाक्यावर ती गाडी पुन्हा धरली गेली नाही. घडले ते वेगळेच. लोकांना लाज वाटू लागली. गाडी मागायची म्हणजे म्हाताऱ्या माणसाला बसवून न्यायचे, दिवसभर त्याची पाठ बघायची, परत आणून सोडायचे. त्यापेक्षा मुरुडहून भाड्याचा टेम्पो बोलावलेला बरा, असे एकेक जण म्हणू लागला. टेम्पोवाला आधी विचारायचा, काय न्यायचे, कुठे न्यायचे. लोक सांगायचे. सवय झाली. चार-पाच वर्षांत अंगणात येऊन उभे राहणारे कुणी राहिले नाही. एक सटवाजी तेवढा वर्षातून एकदा मागायचा, बहुधा गरज नसताना. बैल म्हातारे झाले, एकामागून एक गेले. दोघेही घरच्या गोठ्यात गेले, लिलावात नाही. ते तेवढे साधले.

शेषेराव नव्वद साली निवृत्त होऊन देगलूरला परतले. जाण्याआधी एका लग्नासाठी त्यांना मुरुडला जावे लागले. दुपारी परतीची बस धरायला ते स्टँडवर आले तर कडेच्या दगडी कट्ट्यावर महादेवप्पा बसलेले. दृष्टी अधू झाली होती, कपाळावरचे पट्टे थोडे तिरके ओढले गेले होते. शेजारी दोरखंडाचे नवे वेटोळे होते. शेषेरावांनी नाव सांगितल्यावर त्यांनी ओळखले, किंवा ओळखल्यासारखे केले. शेषेरावांना त्यांच्याशी पुष्कळ बोलायचे होते. हमीपत्राबद्दल बोलायचे होते. चारेक महिन्यांनी सटवाजीच्या पोस्टकार्डावरून अप्पा गेल्याचे कळले, तेव्हा त्यांनी त्या दुपारचे बोलणे आठवून बघितले. ते एवढेच निघाले.

“बरे आहात ना?” शेषेरावांनी विचारले.

“हाव. गुडघे जरा धरून राहिलेत.”

“तेल लावता का?”

“लावते की बायको. वास लई येतो त्याला.”

“लातूरची बस लागली वाटतं.”

“ती लातूरहून आल्याली हाय. लातूरला जानारी तिकडून येती, त्या लिंबाखालून. जागा भेटंल तुमाला.”

“बरं, मग येतो मी.”

“या.”